झाकणीचा ग्लास

आमच्या घरात एकोणीस वर्षं एकच शब्द ऐकू यायचा. चालेल.

भाजीत मीठ जास्त झालं? चालेल. शेजाऱ्यानं आमच्या फाटकासमोर गाडी आडवी लावली? बाबा खिडकीतून बघायचे आणि म्हणायचे, चालेल. चौदा वर्षांची असताना मी एकदा चिडून त्यांच्या चहात साखरेऐवजी मीठ घातलं. त्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, कप विसळला आणि जागेवर ठेवला. मी न्हाणीघरात जाऊन रडले. कारण याच माणसाच्या एका 'नाही'वर अख्खा बिअरचा कारखाना थांबायचा, हे मला माहीत होतं.

लोकांना वाटतं बिअर म्हणजे मोडाच्या जवाचा माल्ट, कडवट हॉप्स आणि यीस्ट. पाणी काय, नळाला येतंच. पण ग्लासातले शंभरातले नव्वद भाग पाणीच असतं, आणि पाण्याला स्वतःचा स्वभाव असतो. क्षार फार झाले तर कडूपणा अंगावर येतो, फारच कमी पडले तर बिअर मिळमिळीत होते, लोखंड असेल तर जिभेवर खिळा ठेवल्यासारखं वाटतं. सगळ्यात वाईट क्लोरीन. शहराच्या पाण्यात जंतू मारायला ते घालतात. पिताना कळतही नाही. पण तेच पाणी माल्टला भेटलं की दोघं मिळून तिसराच वास काढतात. दवाखान्याचा, जखमेवरच्या ओल्या पट्टीचा. म्हणून कारखान्यात पाणी आधी कोळशाच्या फिल्टरमधून जातं. कोळसा क्लोरीन धरून ठेवतो. पण कोळसाही दमतो, आणि दमलो म्हणून सांगायला येत नाही.

ते सांगायचं काम बाबांचं होतं. सगळे त्यांना पाणीवाले म्हणायचे. रोज सकाळी बिअरची कढई तापायच्या आधी ते फिल्टरमधलं पाणी ग्लासात घेऊन कोमट करत, त्यात चमचाभर दळलेला माल्ट टाकत, वर बशी झाकत आणि दहा मिनिटं गप्प उभे राहत. मग बशी जराशी कलती करून नाक लावत. याला कारखान्यात झाकणीचा ग्लास म्हणायचे. वास घेऊन झाला की जाड पुठ्ठ्याच्या वहीत नव्या पानावर तारखेपुढे एक शब्द. 'चालेल' किंवा 'नाही'. तो शब्द लिहिल्याशिवाय कढई तापवायची नाही, हा तिथला नियम.

या सगळ्यावर बिअर बनवणारे मुख्य ब्रूअर, म्हणजे जीभसाहेब. हे नाव कामगारांनीच ठेवलेलं, आणि कौतुकानं. चव घ्यायला दहाजण बसले तर साहेब सगळ्यात शेवटी बोलायचे. आधी सगळ्यांकडे एकेक करून बघायचे, मग ग्लास खाली ठेवायचे आणि एका वाक्यात निकाल द्यायचे. तो निकाल कधी चुकला नाही, असं म्हणत.

मी बारा वर्षांची असताना कारखान्याला पन्नास वर्षं झाली. खास बिअर करायची ठरली. त्याच आठवड्यात शहरात कुठेतरी पाण्याची मोठी नळी फुटली आणि दुरुस्तीनंतर पाणीखात्यानं क्लोरीन वाढवलं. आमचा कोळसा आधीच दमलेला. तो बदलायचा तर दोन दिवस काम बंद, म्हणून साहेबांनी ते पुढे ढकललेलं. त्या सकाळी बाबांनी बशी कलती केली, वास घेतला आणि वहीत लिहिलं, 'नाही'. मग ग्लास आणि वही घेऊन साहेबांच्या खोलीत गेले.

खोलीत दोघंच होते. साहेबांनी नाक लावलं, घोट घेतला. "कसला वास? तुला सर्दी झालीय. लिही चालेल."

बाबांनी पुन्हा वास घेतला. पुन्हा आला. पण समोर जीभसाहेब उभे. बाबांनी स्वतःच्या नाकापेक्षा साहेबांच्या नावावर विश्वास ठेवला आणि शब्द खोडायला पेन उचललं. साहेबांनी त्यांचा हात धरला. "खाडाखोड नको. पान फाड. स्वच्छ लिही."

बाबांनी पान फाडलं आणि स्वच्छ लिहिलं.

समारंभाला दोनशे पाहुणे आले. पहिला घोट पाहुण्यांसोबतच घ्यायचा म्हणून ती बिअर आधी कोणी चाखली नव्हती. दोनशे ग्लास ओठांना लागले आणि सभागृहभर दवाखाना पसरला. म्हाताऱ्या मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, पाणी कोणी पास केलं? वही आली. 'चालेल', अक्षर बाबांचं. बाबा म्हणाले, "मी साहेबांना ग्लास दाखवला होता." साहेबांनी शांतपणे मान हलवली. "मला दाखवलाच नाही. दाखवला असता तर मला कळलं नसतं का?"

खरंच, जीभसाहेबांना कळलं नसतं का? बाबांना त्याच दिवशी घरी पाठवलं. पाणीवाले या नावाचं कोणीतरी 'पाणचट' केलं, आणि ते माझ्या शाळेत पोचायला चार दिवसही लागले नाहीत.

तेही सोसलं असतं त्यांनी. पण महिनाभरानं एकदा जेवताना आईनं, अगदी मऊ आवाजात, विचारलं, "अहो, खरंच दाखवला होता ना ग्लास?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "भाजी चालेल." त्या दिवसापासून त्यांनी स्वतःची बाजू मांडणं सोडलं, आणि 'नाही' म्हणणंही सोडलं.

मी रसायनशास्त्र शिकले ते आवडीनं नाही, रागानं. शिकून झाल्यावर त्याच कारखान्यात पाण्याच्या लॅबसाठी अर्ज केला. वाटलं होतं, आडनाव बघून हाकलतील. उलट जीभसाहेबांनी स्वतः मला घेतलं आणि आल्यागेल्या पाहुण्याला माझ्या देखत सांगायला लागले, "आमच्या जुन्या पाणीवाल्याची मुलगी. बापानं घालवलं ते पोरगी भरून काढतेय. आपण मनात काही ठेवत नाही." मी दाताखाली जीभ धरून हसायचे. मनात न ठेवायला त्यांचं काय गेलं होतं?

बाबा ऐकून म्हणाले, "तिथेच लागलीस? चालेल."

तोवर माझाही समज होता की साहेबांनी त्या सकाळी वास ओळखला आणि दोन दिवस वाचवायला खोटं बोलले. खरी गोष्ट मला एका शिंकेनं सांगितली.

लागल्यानंतरच्या पहिल्याच थंडीत एका सकाळी माझ्या परीक्षानळीतलं पाणी गुलाबी झालं. म्हणजे क्लोरीन आहे, कोळसा संपला. मी झाकणीचे दोन ग्लास केले, एक या पाण्याचा आणि एक तुलनेला शुद्ध पाण्याचा, आणि साहेबांना बोलावलं. गडबडीत त्यांच्या हातात शुद्धच दिला. चूक माझ्या लक्षात येईपर्यंत त्यांनी नाक लावलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझं तोंड चुकीमुळे कोरं पडलेलं. मग त्यांनी शेजारी उभ्या कढईकाकांकडे बघितलं. कढईकाका म्हणजे तीस वर्षं कढई सांभाळणारे आमचे सगळ्यात जुने कामगार. त्यांना त्या दिवशी पडसं होतं; शिंक येत होती आणि बाहेर पडत नव्हती, म्हणून नाक वर चढलेलं, डोळे बारीक, ओठ वाकडे.

साहेबांनी ग्लास ठेवला. "आहे. दवाखान्याचा वास आहे. चांगलाच आहे."

तेवढ्यात काका शिंकले.

मी दिवसभर तो ग्लास समोर ठेवून बसले. त्यात काहीही नव्हतं. संध्याकाळपर्यंत उलगडलं. आंबट, करपट, लोखंडी, शिळट, सगळं या माणसाला कळत होतं, आणि आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं. फक्त हा एक वास त्याच्या नाकाला नव्हताच, एखाद्याला लाल रंग दिसत नाही तसा. म्हणून तो शेवटी बोलायचा. म्हणून आधी सगळ्यांकडे बघायचा, बहुधा सवयीनं, स्वतःलाही न कळत. आयुष्यभर नाकानं कांदे सोलणारा हा माणूस दुसऱ्यांच्या नाकांवर जगत होता. त्या सकाळी खोलीत बाबा एकटे होते, आणि साहेबांसमोर खाली मान घालून उभं राहायची त्यांची सवय. चेहराच दिसला नसेल.

म्हणजे ग्लास परत पाठवताना साहेब खोटं बोलले नव्हते. खोटं ते समारंभात बोलले. दोनशे तोंडं वाकडी झालेली बघून त्यांना स्वतःबद्दल सगळं कळलं असणार, आणि ते झाकायला त्यांनी माझ्या बापाला पुढे केलं.

हे कळल्यावर मला आनंद झाला. अगदी उघडपणे सांगते, आनंद झाला. शत्रूच्या घराची किल्ली सापडल्यासारखं वाटलं.

पण नुसतं सांगून काय होणार? बाबांनीही सांगितलंच होतं. म्हणून मी चार वर्षं गप्प बसले आणि खात्री करत राहिले. स्वच्छ ग्लासावर नाक मुरडायचं, साहेब म्हणायचे, "हं, आहे." बिघडलेल्यावर चेहरा कोरा ठेवायचा, साहेब म्हणायचे, "उत्तम." बिघडलेलं पाणी मी अर्थातच गुपचूप सोडून द्यायचे, पुढे जाऊ द्यायचे नाही. तेवढं इमान पाण्याशी होतं. पण सरावानं माझा चेहरा इतका माझ्या हातात आला की आई म्हणायला लागली, "तुझ्या मनात काय चाललंय ते आजकाल कळतच नाही बाई."

मग साहेबांच्या निवृत्तीचं वर्ष आलं. म्हाताऱ्या मालकांची मुलगी आता मालकीण. तिनं चव घेण्यासाठी नवी खोली बांधली आणि दारावर पितळी पाटी लावायचं ठरवलं, 'जीभसाहेब दालन'. पाटी बनूनही आली होती. मला तिनं विचारलं, "उद्घाटनाला काय करू या? भाषणं नकोत गं."

"तीन ग्लासांची परीक्षा घेऊ," मी म्हणाले. "एका ट्रेमध्ये तीन ग्लास, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते चिठ्ठीवर लिहायचं. असे सहा ट्रे. प्रत्येकजण आपापल्या खान्यात, मध्ये फळी, म्हणजे कोणाला कोणाचं दिसणार नाही, आणि वर लाल दिवा, म्हणजे बिअरचा रंगही कळणार नाही. सगळ्यांनी करायचं, आणि शेवटी साहेबांची चिठ्ठी मोठ्यानं वाचायची. नव्या लोकांना कळू दे जीभ कशाला म्हणतात."

मालकीणबाईंनी टाळी वाजवली. साहेब समोरच होते. नाही कसं म्हणणार? स्वतःच्या नावाच्या खोलीत?

छोट्या कढईत मी वीस-वीस लिटरच्या दोन बिअर केल्या. माल्ट तोच, हॉप्स तेच, हात माझाच. एकीला कोळशातून आलेलं पाणी, दुसरीला थेट नळाचं. दोन्ही नोंदी वहीत केल्या आणि खाली मालकीणबाईंची सही घेतली. कोणाला काही चारलं, असं कोणी म्हणायला नको. मी त्याला विष नाही दिलं. पाणी दिलं.

उद्घाटनाला आम्ही बाराजण होतो. मालकीणबाई, कढईकाका, बाटल्या भरणारे, ग्लास धुणाऱ्या मावशी. मावशी मागे सरत होत्या. "मला कशाला? मी तर बिअरला तोंडसुद्धा लावत नाही."

"नाक तर आहे ना?" काका म्हणाले. "बसा."

साहेब मधल्या खान्यात बसले. दोन्ही बाजूंना फळ्या. मी ट्रे आणून ठेवला तेव्हा त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी ट्रेकडे बघत होते. पुढचे पाच ट्रेही मी तसेच ठेवले.

चिठ्ठ्या काकांनी वाचल्या. मालकीणबाई, सहापैकी पाच. स्वतः काका, पाच. भरणारे, चार, पाच, चार. मावशी, सहापैकी सहा. टाळ्या पडल्या, मावशींनी पदर तोंडावर घेतला. "अहो, दवाखान्याचा वास येतोय त्यात. न कळायला काय झालं?"

मग काकांनी शेवटची चिठ्ठी उघडली. वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. "साहेब, सहापैकी एक."

डोळे मिटून बोट ठेवलं तरी सहात दोन बरोबर यावेत. कोणीतरी हसलं, गंमत समजून. साहेब खान्यातून बाहेर आले. तोंडावरची सुरकुती हलली नव्हती. "ग्लास नीट धुतलेले नाहीत," ते म्हणाले. "साबण राहिलाय. अशा ग्लासात काय कळणार?" आणि मावशींकडे बघितलं.

इथपर्यंत माझ्या मनात कुठेतरी असेल, की पुरे आता. ते तिथे संपलं. एकोणीस वर्षांनी तोच माणूस, तोच शांत आवाज, आणि पुन्हा पुढे केलेलं दुसरंच माणूस.

"मग मला कसे हो सगळे ओळखता आले?" मावशी म्हणाल्या. या वेळी मागे सरल्या नाहीत.

"मी धुते ग्लास," मालकीणबाई उठल्या. स्वतः तीन ग्लास धुतले, पुसले, उजेडात धरून बघितले. मी तिन्हींत बिअर ओतली. मधल्यात नळाच्या पाण्याची. टेबलावर मांडले.

"आता खाना नको," मी म्हणाले. "साहेबांना मोकळं बसू द्या. फक्त बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करा."

"ते कशाला?" काकांनी विचारलं.

"साहेबांना कोणाकडे बघायची गरज पडू नये म्हणून."

सगळ्यांना कळलं असं नाही. पण साहेबांना कळलं. त्यांच्या हाताचं बोट टेबलाच्या कडेवरून खाली सरकलं. दहा पाठी भिंतीकडे वळल्या. समोर मी एकटी, कारण ट्रे माझा होता.

त्यांनी डावा ग्लास उचलला. वास घेतला. माझ्याकडे बघितलं. आणि मी, चार वर्षं राखलेल्या चेहऱ्यानं, नाक अगदी जरासं मुरडलं. स्वच्छ बिअरवर. मधल्या ग्लासाला डोळे शांत ठेवले. उजव्यालाही.

हे केलं नसतं तरी चाललं असतं. पहिल्या सहा ट्रेंनीच काम झालं होतं. पण मला ते हवं होतं. मला त्यांना माझ्या तोंडाकडे बघून चुकताना बघायचं होतं.

"डावा," साहेब म्हणाले. सुटल्यासारखे म्हणाले.

सगळे वळले. काकांनी डाव्याचा वास घेतला, मग उजव्याचा, मग मधला नाकाजवळ नेताच मागे झाले. "साहेब, मधला आहे. ढळढळीत मधला आहे."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. मी त्यांना फसवलं, हे ते सांगू शकत होते. हिनं नाक मुरडलं, म्हणून मी डावा म्हणालो. एवढं एक वाक्य. पण ते वाक्य म्हणजेच कबुली होती. त्यांनी तोंड मिटलं.

कढईकाका अजून मधला ग्लास हातात धरून उभे होते. त्यांच्या डोक्यात काहीतरी सावकाश जागेवर बसत होतं. "म्हणजे," ते म्हणाले, "पाणीवाल्यानं ग्लास दाखवला होता."

मालकीणबाईंनी दाराशी टेकवून ठेवलेली पितळी पाटी उचलली आणि उलटी करून ठेवली.

तासाभरानं साहेब माझ्या लॅबमध्ये आले. दार लोटून घेतलं. बसा म्हटलं नाही, तरी बसले.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"चार वर्षं."

"मला एकट्याला बोलली असतीस. मी काहीतरी केलं असतं."

"तुम्हाला एकोणीस वर्षं माहीत होतं. तुम्ही काय केलंत?"

ते वॉशबेसिनकडे बघायला लागले. "मला वाटलं, हे कळलं तर माझं सगळंच गेलं. बाकी सगळ्या चवी मला खरंच कळतात गं. ते खोटं नाही."

"माहितेय मला. म्हणून तर जास्त राग आहे."

"काय हवंय तुला?"

मी कपाट उघडून ती जुनी वही काढली. पन्नासाव्या वर्षाची. पान उघडलं. एका बाजूला शिवणीत फाटलेल्या पानाची बोटभर पट्टी, आणि तिच्या पुढच्या पानावर बाबांचं वळणदार 'चालेल'. मी पेन पुढे केलं. "त्याच्या खाली लिहा. काय झालं होतं ते."

त्यांनी लिहायला घेतलं. 'पाणीवाल्यांनी त्या दिवशी नाही असं लिहिलं होतं व मला ग्लास दाखव' इथपर्यंत आले, थांबले, काहीतरी खोडलं, वर काहीतरी घातलं.

मी वही ओढून घेतली. वहीच्या शेवटचं कोरं पान उघडून समोर ठेवलं.

"खाडाखोड नको," मी म्हणाले. "स्वच्छ लिहा."

त्यांनी झटक्यात मान वर केली. त्यांना आठवलं होतं. मला दया आली नाही. आली असेल थोडी, तर मी ती गिळली. त्यांनी स्वच्छ लिहिलं. 'पाणीवाल्यांनी नाही असं लिहिलं होतं. मला ग्लास दाखवला होता. मला हा वास येत नाही. मी त्यांना पान फाडायला लावलं आणि नंतर खोटं बोललो.' खाली सही केली, तारीख घातली, आणि भिंतीला हात लावत बाहेर गेले.

सुटीच्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघराच्या टेबलावर बाबांसमोर तीन ग्लास ठेवले. तिन्हीत कोमट पाणी, चमचाभर माल्ट, वर आमच्या घरच्या तीन न जुळणाऱ्या बश्या.

"हे काय?"

"वेगळा कोणता ते सांगा."

"माझी जीभ गेली आता. कशाला उगाच." हात मात्र पुढे झाला होता. बशी कलती करायची त्यांची लकब तशीच होती, दोन बोटं वर, अंगठा खाली. पहिला ग्लास. दुसरा. तिसऱ्याला नाक लावलं आणि लगेच काढलं.

"हा. कोळसा कधी बदललाय यांनी?"

आई ओट्याशी उभी होती. तिनं गॅस बारीक केला. मी वही उघडून बाबांपुढे सरकवली. त्यांनी वाचलं. बोटानं एकेक ओळ धरून पुन्हा वाचलं. मग वही आईकडे फिरवली आणि तिच्या तोंडाकडे बघत बसले. आईनं वाचलं. ती शेजारच्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं." एवढंच म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत राहिली.

"विचारलं होतंस," बाबा म्हणाले.

तेवढ्यात बेल वाजली. मी दार उघडलं. जीभसाहेब उभे होते, इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही. जिना चढून दम लागलेला. माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं. माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाले, "दादा, दोन मिनिटं बोलायचं होतं. माफी मागायची होती. आत येऊ का?"

आई सवयीनं उठली, खुर्ची सरकवायला. बाबा काय म्हणणार ते आम्हा दोघींना ठाऊक होतं. त्या घरात एकोणीस वर्षं दुसरं उत्तरच नव्हतं. मी दारातून बाजूला झाले.

बाबांनी तिसऱ्या ग्लासावर बशी पुन्हा झाकली, नीट मध्यावर बसवली, आणि दाराकडे बघितलं.

"नाही," ते म्हणाले.

साहेब कठडा धरून जिना उतरायला लागले. आईनं खुर्ची परत टेबलाखाली सरकवली, आणि मी दार लावलं. बाबांनी तो ग्लास उचलून मोरीत ओतला, नळ सोडून ग्लास विसळला आणि आईला म्हणाले, "आणि कालच्या भाजीत मीठ फार होतं."